टेकडी पुन्हा जळाली, आता कॅन उचला

पुण्याच्या टेकड्यांवर या उन्हाळ्यातही वणवा लागला. जुलैत नारळ फोडून, फोटो काढून लावलेली रोपं पार करपली. होळीच्या सुमारास गवत पूर्ण वाळलेलं असतं. मग एक पेटती विडी, पार्टीनंतर तशीच सोडलेली शेकोटी किंवा मुद्दाम ओढलेली काडी पुरते. टेकडी आपोआप पेटत नाही, पेटवली जाते. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर पाण्याचे कॅन वाहणारी मंडळी यामुळेच भडकली आहेत, आणि हे आवाहन त्यांचंच आहे.

झाडं लावायला गर्दी कधीच कमी पडत नाही. राज्य सरकारची वृक्षलागवडीची उद्दिष्टं २०१७ मध्ये ४ कोटी, पुढच्या वर्षी १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी अशी चढत गेली. २०२१ मध्ये त्या ३३ कोटींच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमायची वेळ आली. तोडणाऱ्यांना मात्र उशीर होत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्याच रात्री मुंबईतल्या आरेत करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती.

काय लावायचं, हाही भांडणाचाच मुद्दा. मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प भराभर वाढते म्हणून टेकड्यांवर दाट लावली गेली. हिरवं दिसलं, लोक खूश. पण या उतारांवरची खरी झाडं म्हणजे सालई, गणेर, पांगारा, मेडशिंगी, खैर, हिवर. आणि गवताळ माळ हा ओसाड भाग नव्हे; तिथे सरसकट खड्डे खणू नयेत.

‘गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं’ म्हणणाऱ्यांशी ही मंडळी आता वाद घालत नाहीत. ‘पाणी घालणं महापालिकेचं काम’ म्हणणाऱ्यांनी कर भरल्याची पावती रोपाला दाखवून बघावी.

करायचं ते असं. दिवाळीनंतर गवत वाळू लागताच वनखात्याला विचारून वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायच्या. प्रत्येक रोपाभोवती आळं करायचं आणि लगतचं गवत कापायचं. मे अखेरपर्यंत आठवड्याला निदान ५ लिटर पाणी, तेही सलग तीन उन्हाळे. धूर दिसला की व्हिडिओ काढत बसू नये. आधी १०१ किंवा वनखात्याचा १९२६ लावावा. टेकडी लांब असेल त्यांनी आपल्या सोसायटीसमोरचं झाड बघावं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. इथे अजून फुटपाथच्या फरशा बुंध्याला भिडवतात. त्या काढण्यासाठी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

या गटाला अनुदान नाही, अध्यक्ष नाही, फ्लेक्सही नाही. तरी त्यांची रोपं दुसरा उन्हाळा काढतात, हे ते जरा छाती फुगवूनच सांगतात. रविवारी येणाऱ्यांनी कॅन, खुरपं आणि विळा आणावा. नेते सोबत आणू नयेत.