शेवटच्या वैद्याच्या माथीं

रोगी हाताबाहेर गेला म्हणजे घरचीं माणसें वैद्य बदलतात, आणि तो दगावला म्हणजे सारा दोष शेवटीं आलेल्या वैद्याच्या माथीं येतो. यंत्रांच्या बाबतींतही हेंच घडतें, असा अनुभव मला नुकताच अमेरिकेंत, टेक्सासमध्यें राहणाऱ्या पुतण्याच्या घरीं आला. तो वाचकांपुढें ठेवतों.

पुतण्यानें तेथें २००४ सालची शेवरोले सिल्व्हराडो ही पिकअप गाडी, म्हणजे मागें उघडा हौदा असलेली मालमोटार, जुनी विकत घेतली. बागेची माती आणावी, लाकडें वाहावीं, प्रसंगीं मागें दुसरी गाडी जोडून ओढावी, हा हेतु. तिची गिअरपेटी आपोआप चालणारी. त्या पेटींतलें तेल बदललेलें आहे असें पहिला मालक म्हणाला. पण नोंद कांहीं नव्हती, आणि विकणाऱ्याच्या शब्दास आप्तवाक्य म्हणतां येत नाहीं.

मीं सहज म्हटलें, "मग तूं पुन्हां बदलून टाक." तो दचकला.

"काका, जुन्या गाडीचें हें तेल बदललें कीं गिअरपेटी मरते, असें येथें पुष्कळजण सांगतात. माझ्या एका सोबत्याची गाडी तेल बदलल्यावर आठ दिवसांत बंद पडली."

नव्या पेटीचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. तेव्हां त्याची भीति पोरकट नव्हती.

"त्यानें तेल बदललें तें कां?" मीं विचारलें.

"गिअर घसरूं लागले होते म्हणून."

एवढें बोलून तो स्वतःच थांबला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, असें आपण म्हणतों. संस्कृतांत यालाच काकतालीय न्याय म्हणतात. फांदी आधींच कुजलेली होती, हें कोणी पाहत नाहीं.

या पेटीची रचना समजून घेतली म्हणजे कुजलेली फांदी कोणती तें कळतें. अशी पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम जनरल मोटर्सनें १९३९ सालीं 'हायड्रा-मॅटिक' या नांवानें आणली. तींत पायानें दाबावयाचा क्लच नाहीं. इंजिनाकडील पंखा तेल घुसळतो व त्या प्रवाहाच्या जोरानें समोरचा पंखा फिरतो. तेलाच्याच दाबानें आंतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात व गिअर बदलतात. वंगण तेंच आणि उष्णता वाहून नेणारेंही तेंच. पूर्वीं या तेलांत देवमाशाचें तेल मिसळीत. १९७० नंतर कायद्यानें तें बंद झालें व त्याची जागा रसायनांनीं घेतली. अति उष्णतेनें तेल निकामी होतें आणि मग चकत्या घसरून जळतात. एकदां त्या जळाल्या कीं कोणतेंही नवें तेल त्यांना पूर्ववत् करूं शकत नाहीं. सोबत्याच्या गाडीस औषध मिळालें तें या अवस्थेंत!

म्हणून आम्हीं आधीं परीक्षा केली. नवें तेल तांबडें असतें. सळईवर पाहिलें तों आमचें तपकिरी झालेलें, परंतु जळकट वास नव्हता. रस्त्यावर एकही गिअर घसरत नव्हता. निदान ठरलें: पेटी धडधाकट, तेल थकलेलें.

रविवारीं सकाळीं काम हातीं घेतलें. गाडी सपाट जागीं लोखंडी टेकूंवर घेतली; केवळ जॅकच्या भरंवशावर कोणींही गाडीखालीं शिरूं नये. पेटीच्या तळाशीं पातेल्यासारखें झांकण असतें, त्याचे सोळा बोल्ट एका बाजूनें सैल करीत तेल उतरविलें व मोजून ठेवलें. आंतल्या लोहचुंबकावर बारीक करडा गाळ होता, तो वयाचा. धातूचे तुकडे असते तर काळजीचें होतें. फिल्टर नवा घातला आणि झांकण पुन्हां बसविलें. जेवढें निघालें तेवढेंच तेल ओतलें, तेंही कारखान्यानें ठरविलेल्या जातीचें, म्हणजे जुन्या डेक्सरॉन ३ च्या जागीं आलेलें डेक्सरॉन ६. मग इंजिन चालू ठेवून गिअरचा दांडा सर्व स्थानांतून फिरविला, आणि तेल चांगलें तापल्यावर सळईवर पातळी पाहिली.

येथें थोडें गणित आहे. पेटींत एकंदर तेल सुमारें ११ क्वार्ट, म्हणजे साडेदहा लिटर. झांकण काढल्यानें ५ क्वार्टच निघतें. एका खेपेनंतर जुनें तेल शेंकडा ५५ उरतें, दुसरीनंतर ३०, तिसरीनंतर १६. यंत्राच्या साहाय्यानें सगळें एकदम धुवून काढण्याचीही सोय आहे. परंतु इतिहास ठाऊक नसलेल्या जुन्या पेटीस आम्हीं सावकाशीचा मार्ग पसंत केला. पुढच्या दोन खेपा तो कांहीं महिन्यांच्या अंतरानें करणार आहे. निघालेलें तेल डब्यांत भरून, तें परत घेणाऱ्या मोटारीच्या सामानाच्या दुकानांत दिलें.

गाडी उद्यां बंद पडणारच नाहीं, असें मी म्हणत नाहीं. एकवीस वर्षांहून अधिक वयाच्या यंत्राची हमी कोण देणार? पण पडलीच तर झांकण उघडून कारण शोधूं, तेलावर आळ घेणार नाहीं. पुतण्यास हें सांगतांना मला आपल्याकडचीं घरें आठवलीं. नवी सून घरांत आली, त्याच महिन्यांत सासरे आजारी पडले, आणि सून पांढऱ्या पायाची ठरली, असें किती घरांत झालें असेल! सासऱ्यांचा आजार दहा वर्षांचा होता, हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. गिअरपेटीस जो न्याय आपण देतों, तेवढा तरी माणसांना द्यावयास नको काय?