ताप उतरला, पण...

तापाने फणफणलेल्या मुलाला आकडी आली की घरातली वडीलधारी माणसे कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरतात, दातखिळी बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतात. त्यामागची माया खरी. पण कांदा निरुपयोगी आणि चमचा घातक. ६ महिने ते ५ वर्षे या वयातील शंभरात २ ते ५ मुलांना असे झटके येतात. बहुतेकांचे काही मिनिटांत थांबतात व मागे अपाय ठेवीत नाहीत. त्यांना मेंदूच्या तपासणीचीही गरज नसते.

प्रश्न आहे तो अर्धा-अर्धा तास न थांबणाऱ्या आकडीचा. अशा थोड्या मुलांच्या मेंदूवर होणारा आघात मोठा फसवा असतो. मूल काहीसे सावरते, पहिल्या दोन दिवसांतला एमआरआय निर्दोष येतो. आणि चौथ्या ते सहाव्या दिवशी झटके पुन्हा उसळतात. जपानी डॉक्टरांनी वर्णिलेल्या या विकारात तिसऱ्या ते नवव्या दिवसांच्या दरम्यान एमआरआयच्या 'डिफ्यूजन' प्रतिमेत मेंदूचे श्वेतद्रव्य फांद्या पसरलेल्या झाडासारखे उजळलेले दिसते. सीटी स्कॅनमध्ये हे उमगेलच असे नाही.

अशी मुले घेऊन आपल्या किनारपट्टीवरली माणसे घाट चढतात ती बहुधा हुबळीला. १९५७ साली स्थापन झालेल्या तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लोकांच्या तोंडचे 'किम्स', हा गदग-हावेरीपासून कारवारपर्यंतच्या गोरगरिबांचा आधार आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या बापाने, कोणत्याही रुग्णालयात, 'फोटो स्वच्छ आहे' एवढे ऐकले की त्याला घरची ओढ लागणारच. पहिली प्रतिमा म्हणजे अखेरचा निवाडा नव्हे, हे त्याला त्याच्या भाषेत कोणीतरी सांगायला नको काय?

दीर्घ आकडीनंतर जे मूल पूर्ववत झालेले नाही, त्याला आठवडाभर देखरेखीखाली ठेवावे, आणि गरज पडल्यास दुसरा एमआरआय बापाच्या खिशावर अवलंबून राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झालेली हानी भरून काढणारे औषध आज नाही, हे खरे. परंतु पुढचे झटके आवरणे आणि व्यायाम व वाचोपचार वेळीच सुरू करणे हाती आहे. त्याहून मोलाचे म्हणजे पाच मिनिटांपलीकडे लांबणारी आकडी तेथेच थांबविणे. त्यासाठी नाकात फवारायचे मिडाझोलाम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेच पाहिजे.

आणि घरच्यांनी? मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, १०८ ला कळवावे. कांदा स्वयंपाकघरातच राहू द्यावा.