देव मुक्कामाला आला आहे

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या मैलारपुरात भंडारा उधळतो आणि पायाखालची वाट पिवळी होते. खंडोबाची मूर्ती एकच. ती सव्वादहा महिने अणदूरला राहते, पावणेदोन महिने इथे. दोन गावांनी देव वाटून घेतला नाही, त्याचा मुक्काम वाटून घेतला. ही रीत टिकली ती मानकऱ्यांच्या स्मरणामुळे आणि वाघ्या-मुरळीच्या जागरणामुळे.

असा मुक्काम हलवणारा देव पाहिला की नायजेरियाच्या नैऋत्येकडील योरुबा लोक आठवतात. त्यांचा मेघगर्जनेचा देव शांगो हा पूर्वी ओयोचा राजा होता, असे ते मानतात. गुलामांच्या जहाजांतून माणसे क्यूबा-ब्राझीलला नेली गेली, त्यांच्याबरोबर शांगोही गेला आणि आजही तिथे पुजला जातो. योरुबा भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणूनच डमरूच्या घाटाचा त्यांचा डुंडुन हा ढोल दोऱ्या आवळत, सैल सोडत अक्षरशः बोलतो.

ओयोच्या दरबारात पूर्वजांचा इतिहास तोंडपाठ सांगणारे ‘अरोकिन’ असत. सॅम्युएल जॉन्सन या योरुबा धर्मोपदेशकाने त्यांच्याकडून ऐकून आपल्या लोकांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. छपाईसाठी इंग्लंडला पाठवलेले हस्तलिखित हरवले. १९०१ मध्ये जॉन्सन वारले. त्यांचे भाऊ डॉ. ओबडाया यांनी उरलेल्या टिपणांवरून सारा ग्रंथ पुन्हा उभा केला. तो छापून आला १९२१ मध्ये. घरच्याच माणसाने घरची गोष्ट वाचवली.

आपला खंडोबाही भाषेची शीव मानत नाही. कानडी मुलखात तो मैलार, तेलुगू मुलखात मल्लण्णा. त्याच्या जयघोषातल्या ‘येळकोट’मधला ‘येळ’ म्हणजे कानडीतला सात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या दैवताचा मोठा अभ्यास मांडला. पण नळदुर्ग-अणदूरच्या वाटेवरची गोष्ट इथल्याच मुलांनी उतरवून घ्यायला हवी. मुरळी म्हणून मुली देवाला सोडण्याची चाल बंद व्हायलाच हवी होती. तिचे दुःखही त्या नोंदीत यावे, लपवू नये.

आज प्रत्येक खिशात आवाज टिपणारा फोन आहे. यात्रेच्या रात्री एखाद्या म्हाताऱ्या वाघ्याशेजारी बसा. दिमडी थांबली की विचारा, हे पद तुम्हाला कोणी शिकवले? ते सांगतील त्या गुरूचे नाव आणि गाव तेवढ्यातच लिहून घ्या. देव अणदूरला परतण्याआधी.