सर्व्हर बिचारा, क्वेरी आळशी!

प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा आणि स्क्रीनवर तो गोल फिरतोच आहे. अशा वेळी आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, 'सर्व्हर डाऊन आहे यार!' गर्दीने सर्व्हर दमतो, हे खरंच. पण कित्येकदा त्याला दमवते आळशीपणे लिहिलेली क्वेरी, म्हणजे वेबसाइटने डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मोठा सर्व्हर घेण्याआधी प्रश्न नीट विचारायला शिका, एवढंच माझं म्हणणं आहे.

समजा, १५ लाख विद्यार्थ्यांच्या टेबलमधून तुमचा सीट नंबर शोधायचाय. त्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर डेटाबेस एकेक ओळ तपासत बसतो. तेच नंबर क्रमाने लावलेले असतील आणि दरवेळी निम्मी यादी बाजूला सारत गेलो, तर २१ टप्प्यांत काम होतं. (कॅल्क्युलेटरवर २ चा २१ वा घात काढून बघा!) इंडेक्समागचं बी-ट्री तर याहूनही कमी पायऱ्यांत पोहोचतं. हे काही कालचं संशोधन नाही. १९७० च्या सुमारास बायर आणि मॅकक्राइट यांनी ते मांडलं.

अर्थात इंडेक्स म्हणजे जादू नाही. 'आडनावाच्या शेवटी कर असलेले सगळे शोध' म्हटलं की साधा इंडेक्स हात टेकतो. शब्दकोशात शेवटचं अक्षर सांगून शब्द शोधायला लावल्यासारखंच ते. आणि उठसूट प्रत्येक कॉलमवर इंडेक्स लावला तर नवी नोंद करणं जड जातं.

माझा खरा राग आहे तो 'एन प्लस वन'वर. ५० विद्यार्थ्यांची यादी आणायला एक क्वेरी, मग प्रत्येकाचे मार्क आणायला एकेक. झाल्या ५१! आईने दिलेली यादी घरी ठेवून एकेका वस्तूसाठी वाण्याकडे फेरी मारण्याचा हा प्रकार. जॉइन वापरलं की एका फेरीत सामान घरी. गंमत म्हणजे जँगो, लाराव्हेल वापरताना या फेऱ्या कोडमध्ये चटकन दिसतही नाहीत.

मग हे चालतं कसं? फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये टेबलात २० ओळी असतात. २० ओळींवर कुठलीही क्वेरी पळते! डेमो झकास, मार्क पैकीच्या पैकी. व्हायवाला कुणी तरी विचारायला हवं, 'यात ५ लाख खोट्या ओळी भर आणि आता चालवून दाखव.' मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, क्वेरीआधी 'एक्सप्लेन' लिहिलं की डेटाबेस शोध कसा घेणार ते सांगतो. फुकट!

'तू मास कॉमची, तुला काय करायचंय?' असं इंजिनीअरिंगवाले मित्र मला ऐकवतात. करायचंय ना! तो गोल फिरत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून कुणी तरी बसलेलं असतं. शेवटची एसटी साडेसहाला, आणि फॉर्मचं तिसरं पान अजून उघडायचंय.