“काही करत नाही तो!”

कुत्र्यांचा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. गटाच्या बैठकीत मी तो काढला तेव्हाही दोघी-तिघी हसल्या. मारहाण, पोटगी, कामाच्या ठिकाणचा छळ हे सगळं समोर असताना सकाळच्या फिरण्यातल्या कुत्र्यांवर काय बोलायचं? पण हसणं ओसरल्यावर एकेक जण बोलू लागली, आणि पुढचा तासभर दुसरा विषय निघाला नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या एकीने बाग सोडून इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारायला सुरुवात केली होती. दुसरी नातवाला मैदानावर नेईनाशी झाली होती. कुणीही कुठे तक्रार केली नव्हती. बायका अशाच गोष्टी सोडतात, गाजावाजा न करता. म्हणून हे लिहिते आहे.

मी दादरला राहते आणि बरीच वर्षं शिवाजी पार्कात फिरायला जाते. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान सकाळ-संध्याकाळ माणसांनी भरून वाहतं. क्रिकेटची पोरं, कट्ट्यावर बसलेले म्हातारे, जोडपी, आणि फेऱ्या घालणारी आम्ही. गर्दीचं मला वावडं नाही. मुंबईत मोकळी जागाच इतकी थोडी की ती सगळ्यांनी वाटून घ्यायची असते, आणि वाटून घेण्याची आपल्याला सवयही असते. प्रश्न येतो तो ज्यांना वाटून घेणं मान्यच नसतं त्यांचा.

बाईचं फिरणं म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. पाणी भरून, डबे करून, कुणाचं तरी औषध काढून ठेवून मिळालेला अर्धा-पाऊण तास. तोही तिला सहजासहजी मिळत नाही. ‘शुगर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय’ असं कारण असावं लागतं. नुसतंच बाहेर जावंसं वाटलं, हे कारण घरात चालत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांवरचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. सार्वजनिक जागेत वावरताना बाईला आपण कामासाठीच बाहेर पडलो आहोत हे सतत दाखवावं लागतं, हा त्यातला मुद्दा आपल्यातल्या अनेकींना अंगावर आल्यासारखा पटला होता. असा कष्टाने मिळवलेला अर्धा तास किती सहज हातातून जातो, ते आता पाहा.

समोरून एक मोठा कुत्रा येतो. गळ्यात पट्टा असतो, पण साखळी मालकाच्या खांद्यावर, किंवा इतकी सैल की असून नसल्यासारखी. मालक फोनवर. कुत्रा धावत अंगाशी येतो, साडी हुंगतो, एखादा छातीवर पाय ठेवून उभा राहतो. बाई जागच्या जागी थिजते. आणि वीस पावलांवरून, चालण्याचा वेग न बदलता आवाज येतो, “काही करत नाही तो!”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा अर्थ लावत बसावंसं वाटतं. या वाक्यात माझ्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. मला काय होईल, काय होणार नाही, किती जवळ आलेलं चालेल, हे तो ठरवतो. मला विचारत नाही. मी घाबरले तर वर शिकवण मिळते, “तुम्ही घाबरू नका, घाबरलेलं त्याला कळतं.” म्हणजे काही झालं तर दोष माझ्या घाबरण्याचा. हात झटकला तर, “मारू नका हां त्याला.” दोन मिनिटांत मी तक्रार करणारीची गुन्हेगार होते.

मैत्रिणींनो, हे आपण आणखी कुठेकुठे ऐकलं आहे? ‘साहेबांचा स्वभावच तसा मोकळा आहे, मनात काही नसतं.’ ‘भाऊजी चेष्टा करतात गं, तू उगाच मनाला लावून घेतेस.’ अंगाशी येणाऱ्याला समज द्यायची सोडून जिच्या अंगाशी आलं तिलाच समजुतीचे धडे देण्याची आपली रीत जुनी आहे. बिचाऱ्या कुत्र्याला यातलं काही ठाऊक नाही. तो निर्मळ मनाने खेळायला आलेला असतो. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच, त्या वाक्याबद्दल आहे.

आणि ते वाक्य पुरुषच बोलतात असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. चांगल्या शिकलेल्या, कदाचित आपल्यासारखीच पुस्तकं वाचणाऱ्या बायकांकडूनही मी ते ऐकलं आहे. ज्याच्या हातात जागा, त्याला दुसऱ्याची भीती दिसत नाही. तिथे बाई-पुरुष हा एकच फरक नसतो, वर्गाचाही असतो. पदपथावरची घाण पाहा. ती कोण उचलतं? ती महापालिकेची सफाई कामगार बाई, जिच्या पगारात परक्या घरच्या कुत्र्याची विष्ठा उचलणं कुणी मोजलेलं नाही. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींनी अशा मालकाला दंड करता येतो. पण दंड झाल्याचं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

दुसरी बाई आहे ती साखळी धरणारी. आमच्या वस्तीगटातली एक जण तीन घरी धुणीभांडी करते. त्यातल्या एका घरी ‘जाता जाता जरा फिरवून आण’ असं म्हणत कुत्र्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. त्याचे वेगळे पैसे ठरले नाहीत, कारण ते काम म्हणून धरलंच नव्हतं. तिच्याहून ताकदवान जनावराने एक दिवस मांजर दिसताच हिसका दिला, ती फरफटली आणि मनगट मोडलं. महिनाभर तीनही घरांचं काम गेलं. मालकीणबाईंनी दवाखान्याचे पैसे दिले, तेही उपकार केल्यासारखे, आणि जागी दुसरी बाई ठेवली. म्हणून फिरायच्या वाटेवर कुत्रा अंगावर आला की आपण साखळी धरणारीवर ओरडतो, तेव्हा ती मालकीण नाही हे आधी पाहायला हवं. बोलायचंच असेल तर ती ज्या घरातून आली त्या घराशी बोलायला हवं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. घरकामगार संघटनांनी कामाचे दर ठरवताना कुत्रं फिरवणं हे स्वतंत्र काम म्हणून मागायला हवं, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू, कारण ती आपलीच आहे. एकटी राहणारी मुलगी असो की मुलं परदेशी गेलेली विधवा, अनेकींच्या घरात कुत्रा हीच सोबत असते, आणि रात्रीच्या रस्त्यावर तोच आधार. कित्येक जणींना बाहेर पडायचं धाडस कुत्र्यामुळेच मिळालं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांमध्येही बायका खूप, आणि त्यांना सोसायटीतले पुरुष ज्या भाषेत बोलतात ती ऐकली की कळतं, भांडण कुत्र्याचं नाव पुढे करून चाललेलं आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींचे कुत्रे ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्या पाळण्यावर बंदी आणायला राज्यांना पत्र लिहिलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कुत्र्याची जात शोधत बसण्यापेक्षा मालकाचं वळण पाहिलेलं बरं. २०२५ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, चॅनेलांवर रोज आरडाओरडा झाला. त्या गोंगाटात ज्या कुत्र्यांना घर आहे, मालक आहे, त्यांच्या मालकांना कुणी काही विचारलं नाही.

कायदा काय म्हणतो? पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २९१ म्हणून आलं आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चावा बसायलाच हवा अशी त्यात अट नाही. पण साडी हुंगली म्हणून हे कलम लागणार नाही, हेही समजून असावं. कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस टोचलेली असावी लागते. हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे विचारणं खडूसपणाचं नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘आमच्याला लस दिलेली आहे’ या तोंडी शब्दावर घरी बसायचं नाही. लशीच्या सगळ्या तारखा पाळायच्या. घरच्या कामात बायका नेमक्या शेवटच्या तारखा चुकवतात.

कायद्याच्या आधी बोलणं येतं, आणि बोलण्याची सवय करावी लागते. आम्ही गटात ठरवलं ते असं. कुत्र्याशी नाही, मालकाशी बोलायचं. ‘प्लीज’ने सुरुवात करायची नाही आणि शिवीनेही नाही. “कुत्रा जवळ घ्या” एवढंच, मोठ्याने. मला भीती वाटते, लहानपणी चावला होता, असली कारणं द्यायची नाहीत. रस्त्यावर निर्धास्त चालायला कारण लागत नाही. पळायचं नाही, कारण पळणाऱ्यामागे कुत्रा धावतो. उभं राहायचं, हात अंगाशी घ्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकीला बोलावं लागलं तर बाकीच्यांनी थांबायचं. आमच्यातल्या चौघी नुसत्या थांबल्या आणि बघत राहिल्या, तेव्हा कधी न निघणारी साखळी खांद्यावरून खाली आली.

ज्यांच्याकडे कुत्रे आहेत अशा मैत्रिणींकडेही मागणं आहे. गर्दीच्या वेळी आखूड साखळी, सोबत कागद किंवा पिशवी, आणि समोरची आक्रसलेली दिसली की आपण बाजूला होणं. वॉर्ड ऑफिसकडे आपण मिळून मागू या, कुत्र्यांना मोकळं सोडायला कुंपणाची वेगळी जागा हवी. त्यांनाही धावायला जागा लागते, आणि शहरात ती नाही, हा दोष काही त्या मुक्या जिवांचा नाही. अशा मागणीच्या पत्रावर कुत्रा असलेल्या आणि नसलेल्या, दोघींच्या सह्या हव्यात.

गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या मैत्रिणीला आम्ही सांगितलं, उद्यापासून तुझ्या वेळेला आम्ही दोघी येतो. तुमच्या गटात, तुमच्या गावात बायकांनी कुठली वाट अशी गुपचूप सोडली आहे, ते विचारून पाहा. कारण कुत्रा नसेल, दुसरंच काही असेल. मात्र “काही करत नाही तो” हे वाक्य तिथेही कुणीतरी बोललेलं असेल.