थोरलीचा वाटा

घरात जुळी मुले जन्माला आली, की ती वार्ता आळीभर पसरायला घटकाभरही लागत नाही. ‘जुळे केळे खाल्लेस वाटतं!’ असे म्हणत शेजारच्या काकू बाळंतिणीची थट्टा करतात, आणि एरवी ज्यांच्याशी केवळ नमस्कारापुरती ओळख, त्याही पाळण्यात डोकावून जातात. वास्तविक केळ्याचा या गोष्टीशी काडीइतकाही संबंध नाही. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मणारी हुबेहूब जुळी हजार बाळंतपणांत तीन-चार एवढीच असतात, आणि हे प्रमाण जगात सर्वत्र जवळजवळ सारखे आढळते. दोन निराळ्या बीजांपासून होणाऱ्या जुळ्यांच्या बाबतीत मात्र आईच्या माहेरचा वारसा असू शकतो. पण शास्त्र काहीही सांगो, कौतुकाला त्याने बाध येत नाही, आणि येऊही नये. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते या कौतुकाच्या गर्दीत मागे राहून गेलेल्या तिसऱ्या मुलाविषयी. जुळ्यांच्या आधी जन्मलेल्या, तीन-चार वर्षांच्या थोरल्या भावंडाविषयी.

प्रथम त्या घरातील आईची बाजू पाहू. नवजात बालकाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. दोघांचे मिळून हे सोळा ते चोवीस वेळा झाले. एकाला पाजून, ढेकर काढून खाली ठेवावे तो दुसरे जागे होते. त्यातून निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात. पुष्कळांचे वजन अडीच किलोच्या आत असते. त्यांना ऊब हवी, वजनावर सतत नजर हवी. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नका, असे डॉक्टर बजावतात, त्यामुळे आजीच्या घुटीची सहाण कोनाड्यात तशीच राहते आणि आजी थोडी रुसते. ‘दोघांना दूध पुरेल का?’ या प्रश्नाने आई धास्तावलेली असते. बाळे जितकी पितात तितके दूध वाढते, आणि पुष्कळ माता दोघांनाही अंगावर पाजू शकतात, हे तिला कुणीतरी धीराने सांगावे लागते. क्वचित डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर त्यातही कमीपणा नाही. अशा घरात दोऱ्यांवर दुपटी आणि लंगोट अखंड वाळत असतात. झोप कुणाचीच पुरी होत नाही.

या धांदलीत थोरलीला एका रात्रीत बढती मिळते. ‘तू आता मोठी झालीस हं!’ असे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला सांगतो. काल रात्रीपर्यंत ती आईच्या कुशीत निजत होती. साडेचार वर्षांचे मूल एका रात्रीत मोठे कसे होणार? मग ती बोबडे बोलू लागते, बाटलीने दूध मागते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा उद्भवते. वडीलधारी मंडळी त्याला हट्ट म्हणतात. शाळेच्या कामात आम्ही अशी मुले पुष्कळ पाहिली आहेत, आणि आमचे मत असे, की तो हट्ट नसून प्रश्न असतो. ‘माझी जागा अजून आहे ना?’ एवढेच ते मूल विचारीत असते. त्याला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते असे विचारते.

इंदुरात रामबागेत आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. तेथील थोरलीला मात्र शब्द सापडले. जुळी तीन आठवड्यांची असताना तिने विचारले, ‘आजी, ही बाळं परत केव्हा जाणार?’

‘अगं, ती आपलीच आहेत. ती कुठं जाणार?’

‘मग मी कुठं जाऊ?’

आजी शहाणी. तिने नातीला उपदेश केला नाही. रोज संध्याकाळचा अर्धा तास तिने नातीच्या नावाने बांधून टाकला. त्या वेळात पाळण्यात कुणीही रडो, आजी उठत नसे. सून किंवा मुलगा पाहून घेई. दोघी ओट्यावर मेथी निवडीत बसत, मटार सोलीत, आणि बोलत. कधी आजीच्या माहेरची हकीकत, कधी नातीच्या शाळेची, कधी एखादी गोष्ट. मुलगी गप्प बसावी म्हणून घरात आधी तिच्या हाती मोबाईल दिला जात असे, तोही हळूहळू सुटला. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. पण पडदा काढून घेतल्यावर त्या जागी काय द्यावे, ते आजीला ठाऊक होते.

आता या अर्ध्या तासाचा आणखी एक लाभ सांगतो. तो आपणां महाराष्ट्राबाहेरच्या कुटुंबांना विशेष महत्त्वाचा वाटेल. १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली, आणि तेव्हापासून पिढ्यानुपिढ्या आपली घरे येथे मराठी बोलत आली आहेत. मुलांचा दिवस मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत जातो. थोरली शाळेतून येते आणि म्हणते, ‘मी जेवून राहिले आहे.’ त्यावर आम्ही हसत नाही. ती आपल्या इंदुरी मराठीचीच बोली आहे. चिंता असलीच तर ती मूल मराठीत मुळीच बोलेनासे होण्याची.

जुळी मुले बहुधा इतर मुलांपेक्षा काही महिने उशिरा बोलू लागतात. त्याचे एक मोठे कारण साधे आहे. एकट्या मुलाशी आई जितके बोलते, तितके बोलणे येथे दोघांत वाटले जाते, आणि हात कामात गुंतलेले असल्याने ते आधीच थोडके झालेले असते. शिवाय दोघे एकमेकांचे अर्धवट उच्चार समजून घेतात आणि तेवढ्यावर त्यांचे भागते. बहुतेक जुळी शाळेच्या वयापर्यंत ही उणीव भरून काढतात. पण तोवर त्यांच्याशी सर्वांत अधिक बोलणारे माणूस कोण? पुष्कळदा ती थोरलीच असते. तीच त्यांच्या पाळण्याशी उभी राहून बडबडते, तीच त्यांना ‘काऊ’ आणि ‘चिऊ’ दाखविते. ती कोणत्या भाषेत बोलेल, हे तिच्याशी कुणी कोणत्या भाषेत मायेने बोलले आहे, त्यावर ठरते. भावंडे आपसांत शाळेची भाषा बोलू लागली, की आईबापांची भाषा घरातल्या घरात पाहुणी होते, हे आपण कितीतरी घरांत पाहतो. वर सांगितलेल्या घरात जुळी आता दोन वर्षांची झाली आहेत. आजीने ओट्यावर सांगितलेली गोष्ट थोरली त्यांना सांगते. तीत दोन शब्द हिंदी, एखादा इंग्रजी. पण गोष्ट मराठीतच असते.

म्हणून वाचकहो, जुळ्यांच्या घरी आपण जाल, तेव्हा पाळण्याकडे वळण्याआधी थोरलीशी बोला. ‘बाळं कशी आहेत?’ हे तिला नंतर विचारा. आधी तिची स्वतःची खबर घ्या. बाळंतविड्याबरोबर तिच्यासाठी एखादे गोष्टीचे पुस्तक न्या आणि जमल्यास दोन पाने वाचून दाखवा. दुपटे आणून देण्यासारखी हलकी कामे तिला आनंदाने करू द्यावीत. पण ‘काम केलेस तरच शहाणी’ असा भाव त्यात येऊ देऊ नये. वडिलांनी रविवारी तिला एकटीला घेऊन भाजीबाजारात जावे. किंवा त्याहून बरे, जुळी स्वतःकडे ठेवून मायलेकींना तासभर मोकळे सोडावे. बारशाच्या दिवशी आत्या कानात नाव सांगेल, तेव्हा थोरलीला पाळण्याशेजारी बसवावे. नावांच्या जोडीवरून घरात वाद चालला असेल, तर तिचेही मत घ्यावे. पुष्कळ लोक हौसेने राम-लक्ष्मण अशी जोडी ठेवतात; रामायणात सुमित्रेची जुळी मुले होती ती लक्ष्मण आणि शत्रुघ्न, हे तिला सांगितले तर ती पुढे वर्षभर ते साऱ्यांना ऐकवील.

जुळ्यांना पाहणारे डोळे पुष्कळ असतात. त्यांची आबाळ सहसा होत नाही. थोरलीचा वाटा मात्र कुणीतरी आठवणीने बाजूला काढून ठेवावा लागतो. तो अर्ध्या तासाचा असला तरी पुरतो, पण रोज मिळाला पाहिजे.