सुरक्षितता कोणाची? निधी कोणासाठी?

मार्च महिना उजाडला की सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी एकच धांदल उडते. मंजूर झालेली रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्ची पडली पाहिजे, नाहीतर ती परत जाईल, ही धास्ती वरपासून खालपर्यंत सर्वांना पछाडते. अशा वेळी सर्वांत सोपे काम कोणते, तर वस्तू विकत घेणे. गाड्या घ्याव्यात, कॅमेरे घ्यावेत, नियोजन भवनासमोर गाड्यांची रांग लावून पालकमंत्र्यांच्या हस्ते किल्ल्या द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्र झळकावे. जिल्हा अधिक सुरक्षित झाला, असे त्या छायाचित्राखाली लिहिलेले असते. तो खरोखरच झाला काय, हे मात्र पुढच्या मार्चपर्यंत कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपली आहे. कायदा व सुव्यवस्था हा पोलीस खात्याचा खासगी विषय आहे आणि त्याच्या पैशाचा हिशेब ही तज्ज्ञांची बाब आहे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही रुजलेली आहे. रेशन, पाणी, एस.टी. आणि जमीन ह्या प्रश्नांवर आपण मोर्चे काढतो. परंतु सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने येणारा निधी कोठे जातो, हे पाहण्याचे आपल्याला सुचत नाही. हे दुर्लक्ष आता परवडणारे नाही.

प्रथम ह्या निधीचा इतिहास पाहू. राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने १९६९-७० पासून अनुदानाची योजना चालवली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे मारली गेली. २००५ पासून सागरी सुरक्षा योजना आली आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर तिला वेग आला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर केंद्राच्या २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी निघाला. म्हणजे आधी आघात, मग संताप, मग अनुदान आणि अनुदानामागोमाग खरेदी, हा क्रम ठरून गेलेला आहे. आघाताचे कारण काय होते, ह्याचा शोध ह्या क्रमात कोठेच बसत नाही.

१९९३ चेच उदाहरण घ्या. ती स्फोटके आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली. ती का उतरू शकली? होड्या कमी होत्या म्हणून, की दुर्बिणी नव्हत्या म्हणून? टाडा न्यायालयाने पुढे ज्यांना दोषी ठरवले, त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी होते आणि स्थानिक पोलीसही होते. माल सुखरूप जाऊ दिला तो लाच घेऊन. लाचखोरीवर नौका हा उपाय नव्हे. त्यावर उपाय एकच : जाब विचारणारी यंत्रणा. ह्याचा अर्थ नौका नकोत असा नाही. किनाऱ्याला नौका हव्यातच. परंतु नौका देणाऱ्या योजनेने जाब विचारणारी यंत्रणाही दिली काय, हे तपासल्याशिवाय तिला योजना म्हणता येणार नाही.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेने १९६८ साली कायदा करून गुन्हेगारीविरोधी कामासाठी राज्यांना केंद्रीय अनुदाने द्यावयास सुरुवात केली. अट अशी होती की, प्रत्येक राज्याने आधी सर्वंकष आराखडा करावा. राज्यांनी आराखडे लिहिले. परंतु ते अनुदान मिळवण्यापुरते लिहिले. पैसा मुख्यतः पोलिसांच्या साधनसामग्रीकडे वाहिला. न्यायालये आणि तुरुंग मागे पडले. पुढे कायदा बदलून तुरुंगसुधारणेसाठी वेगळा वाटा राखावा लागला आणि १९८२ साली ते खातेच गुंडाळले गेले. आज तेथील अनुदानाच्या कायद्यात राज्याने आराखडा करताना न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस आणि तुरुंगाधिकारी ह्यांच्याबरोबरच गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या आणि पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांशीही विचारविनिमय करावा, असे बंधन आहे. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यालाही जे ठेच लागल्यावर शिकावे लागले, ते आपण ठेच लागूनही शिकत नाही.

आता रत्नागिरीकडे वळू. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांच्या ह्या जिल्ह्यात माणसाच्या जिवाला धोका कशापासून आहे? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. धरण गळते आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांवर टाकला. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुरात बुडाले. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच शहरात मुंबई-गोवा महामार्गाचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांतील स्फोट आणि वायुगळती ह्यांच्या बातम्या तर आपण अंगवळणी पाडून घेतल्या आहेत. ह्याखेरीज मुंबईच्या चाकरमान्यांनी मागे ठेवलेली घरे आहेत, ज्यांत एखादी वृद्ध आई एकटीच राहते आणि रात्री दारावर थाप पडली तर पोलीस ठाणे कित्येक मैल दूर असते. जिल्ह्याच्या सुरक्षिततेचा आराखडा करावयाचा, तर तो ह्या यादीपासून सुरू झाला पाहिजे.

परंतु राज्यकर्त्यांच्या लेखी धोका निराळाच आहे. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला विरोध झाला, तेव्हा १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासावयाची होती, तेव्हा रस्त्यावर आडव्या झालेल्या बायांसमोर बंदोबस्ताची भिंत उभी राहिली. जमावबंदी, अटका आणि अश्रुधूर हे सारे झाले. धरणाखालच्या वाडीला वेळेवर न मिळालेला बंदोबस्त माती तपासणाऱ्या यंत्राला एका रात्रीत मिळाला. सुरक्षितता कोणाची, ह्या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

कॅमेऱ्यांचेही असेच आहे. चौकात कॅमेरा बसवला जातो, त्याचा गाजावाजा होतो. परंतु २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्याचा गाजावाजा कोणी ऐकला काय? प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसवावेत, चित्रण अठरा महिने आणि ते अशक्यच असेल तर निदान वर्षभर जपून ठेवावे आणि देखरेखीसाठी जिल्हा पातळीवर समिती असावी, असा तो आदेश आहे. जवळजवळ पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतील कॅमेरे चालू नसल्याची दखल त्याच न्यायालयाला आपणहून घ्यावी लागली. चौकातला कॅमेरा नागरिकावर नजर ठेवतो, कोठडीतला कॅमेरा सत्तेवर. पहिल्यासाठी पैसा सापडतो आणि दुसऱ्यासाठी न्यायालयाला पुनःपुन्हा फटकारावे लागते. ही काटकसर नव्हे, हे राजकारण आहे.

आता तुरुंगाकडे पाहू. रत्नागिरीचा तुरुंग इतिहासात सावरकरांच्या बंदिवासामुळे ओळखला जातो. तुरुंगातल्या सामान्य कैद्याला मात्र इतिहासही नाही आणि वर्तमानही नाही. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चौघांतील तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. ह्यांतील अनेकजण केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत असतात. आपल्या बंदरांतील परप्रांतीय खलाशी किंवा आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार उद्या अटकेत गेला, तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन न्यायालयात कोण उभा राहणार?

ह्यासाठीही निधी आहे, हे फारच थोड्यांना माहीत आहे. २०२३ साली केंद्राने गरीब बंदीजनांसाठी योजना काढली. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरू न शकणाऱ्या शिक्षाबंदीला २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळावे, असे तेव्हा ठरले होते. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश ह्यांच्या समितीने नावे ठरवावयाची आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूदही आहे; मोठे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले ह्यांचा अपवाद सोडून. म्हणजे कायदा आहे, पैसा आहे, समिती आहे. नाही तो दबाव. गाडीच्या किल्लीचे छायाचित्र निघते. सुटलेल्या खलाशाचे निघत नाही.

येथे काही मित्र विचारतील की, तुम्ही पोलिसांच्या विरुद्ध आहात काय? नाही. उलट, पोलीस शिपायाची बाजू घेणारे ह्या साऱ्या व्यवहारात कोणीच नाही, अशी आमची तक्रार आहे. गणपतीत, शिमग्यात, निवडणुकीत आणि मंत्र्यांच्या दौऱ्यात रस्त्यावर तासन् तास उभा राहणारा शिपाई हाही श्रमिकच आहे. त्याच्या घराचे छप्पर गळते, त्याची रजा रद्द होते, त्याला संघटना करण्याची मुभा नाही. जनता राजवटीत १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने त्याच्या कामाचा बोजा आणि त्याच्यावरील राजकीय दडपण ह्या दोहोंचा विचार केला होता. तो अहवाल धूळ खात राहिला. अखेर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात आदेश दिले : पोलिसांच्या कामाचे दरवर्षी मूल्यमापन करणारा राज्य सुरक्षा आयोग हवा आणि तक्रार प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात हवे. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ते प्राधिकरण राज्य आणि महसूल विभागाच्या पातळीवर नेऊन ठेवले. राजापूरच्या शेतकऱ्याने कोठडीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन जिल्हा ओलांडून जावे, अशी ही सोय आहे. सर्किट बेंच कोल्हापूरला यावे म्हणून वकिलांनी आणि जनतेने कित्येक दशके झगडा केला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाले. न्याय जवळ आणावा लागतो, आणि तो मागितल्याशिवाय येत नाही, हा त्याचा धडा आहे.

ह्या सर्वांच्या मुळाशी लोकशाहीचा प्रश्न आहे. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असे राज्यघटना सांगते. रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात नियोजन कोणी केले? पालकमंत्री आणि अधिकारी ह्यांनी. ठाण्यांतील कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीत ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा, असे न्यायालयाने सांगितले होते. परंतु जिल्हा परिषदच नव्हती, तर प्रमुख कोठून येणार? आणि ज्या सरकारला ह्या निवडणुका वेळेवर घेण्याची निकड वाटली नाही, त्याने जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षेचे विधेयक मात्र विधिमंडळात तातडीने मंजूर करून घेतले, ज्यात संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. जनतेला वगळून केलेली जनसुरक्षा ती हीच.

तेव्हा आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गेल्या पाच वर्षांचा हिशेब मागवावा : जिल्हा नियोजनातून सुरक्षिततेच्या नावाने किती रक्कम गेली, तिची कोणती खरेदी झाली आणि त्यातील किती साधने चालू स्थितीत आहेत. दुसरी, आपल्या ठाण्यातील कोठडीत कॅमेरा आहे काय आणि चित्रण किती दिवस राहते, हे लेखी विचारावे. तिसरी, आपल्या वकील साथींनी विधी सेवा प्राधिकरणाकडे कच्च्या कैद्यांची यादी आणि गरीब बंदीजनांच्या समितीच्या बैठकांची माहिती मागावी. चौथी, पुढचा वार्षिक आराखडा मंजूर होण्यापूर्वी ग्रामसभांतून ठराव करून घ्यावेत की, धरणे, पूररेषा, कारखाने आणि एकाकी वृद्ध ह्यांचा समावेश नसलेला सुरक्षा आराखडा आम्हांला मान्य नाही.

१९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच पक्षाच्या सरकारने गोळीबार केला, तेव्हा डॉ. लोहियांनी त्या सरकारचा राजीनामा मागितला. पक्षात वादळ झाले, परंतु प्रश्न जनतेपुढे राहिला : शस्त्र कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे नाही; त्याचा जाब कोण विचारतो, हे महत्त्वाचे आहे. निधीलाही हाच नियम लागू आहे. पुढच्या मार्चमध्ये नियोजन भवनासमोर गाड्यांची रांग लागेल, तेव्हा आपले कार्यकर्ते हिशेबाचा कागद हातात घेऊन तेथे उभे असले पाहिजेत.